विक्रांतचा वेग आणि एक तडकलेला ड्रम

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

विमानवाहू नौका विक्रांतवरच्या तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. हर्क्युलिस या नावाने टाइन नदीवर बांधकाम, महायुद्ध संपल्यावर अर्धवट पडलेला सांगाडा, १९५७ ची खरेदी, बेलफास्टला पुरं झालेलं काम, ४ मार्च १९६१ चा ध्वजारोहण सोहळा, सगळं बरोबर आहे. १९६५ च्या लढाईत ती मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती, तेही ठीक. पण १९७१ च्या युद्धाचा भाग तू विमानांवरच उरकलास. खरी गोष्ट खाली बॉयलररूममध्ये आहे.

नौका चालवणारी वाफ करायला चार बॉयलर, प्रत्येकात वर वाफेचा एक ड्रम, खाली पाण्याचे दोन, मध्ये नळ्यांचं जाळं. १९७० मध्ये पाण्याच्या ड्रमना तडे दिसले. दाबाखालचं ते पाणी शंभर अंशांच्या कितीतरी वर तापलेलं असतं. ड्रम फुटला तर क्षणात त्याची वाफ होते आणि त्या खोलीतला माणूस वाचत नाही. बदली ड्रम वेळेत मिळाले नाहीत. म्हणून १९७१ च्या चाचण्यांत वाफेचा दाब आणि नौका ढकलणाऱ्या पंख्याचे (प्रोपेलरचे) फेरे बांधून दिले: पुढे मिनिटाला १२०, मागे ८०. पंचवीस नॉटची (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) बोट चौदावर आली.

आता यात विमानांचं काय अडतं ते बघ. नौका वाऱ्याच्या तोंडावर धावते; तिचा वेग अधिक वारा, एवढी हवा डेकवर मिळते. समज, विमान १०५ नॉटने उतरतंय. डेकवर ३० नॉट हवा असेल तर विमानाच्या शेपटीचा हूक त्याला थांबवणाऱ्या डेकवरच्या तारेला ७५ च्या वेगाने अडकतो, १५ च असेल तर ९० ने. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तार, हूक आणि विमानाचा सांगाडा यांच्यावर जवळजवळ दीडपट भार. उड्डाणाचंही तेच, शिवाय विमानाला डेकवरून फेकणाऱ्या कॅटापल्टला वाफ याच बॉयलरांतून. वारा पडला की सी हॉक ही लढाऊ जेट काय नि अलिझे ही पाणबुडीशोधक विमानं काय, भार कमी करा नाहीतर थांबा. इतकं असूनही ४ डिसेंबरला कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या विक्रांतवरून आठ सी हॉक पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ल्याला गेली. मला विचारशील तर कॅप्टनना मिळालेल्या महावीरचक्राइतकंच मोल इंजिनरूमच्या पाळ्यांचं.

पुढे सी हॅरियर या कॅटापल्टशिवाय उडणाऱ्या जेटसाठी डेकच्या पुढच्या टोकाला ९.७५ अंशांचा चढ बसवला आणि कॅटापल्ट काढला. तिथेच अलिझेचा डेकवरचा संसार संपला, कारण कॅटापल्टशिवाय तिला उडता येत नव्हतं. हे कारण तू दिलेलं नाहीस, 'जुनी झाली' एवढंच म्हटलं आहेस. ३१ जानेवारी १९९७ ची निवृत्ती आणि २०१४ मध्ये मुंबईत जहाजं तोडतात त्या दारूखान्यातली तोड बरोबर आहे.

एवढं कर: वेगाचा आकडा तक्त्यात २५ च ठेव, १९७१ च्या परिच्छेदात मात्र १४ घाल आणि पुढे ड्रमचं कारण लिही. दुरुस्त मसुदा पाठव.

तुझा,
अरविंद