वेंगुर्ल्याच्या काकांना, सगळ्यांसमोर

आदरणीय काका,
सा. न.

आमची कोकणची सहल तुम्ही आखून दिलीत, पण फोनवर त्याचे आभार मानायला लागलं की तुम्ही ‘हां, बरा बरा’ म्हणत विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत.

बघायच्या ठिकाणांची यादी कुणीही देतं. तुम्ही कुठे कधी जायचं आणि काय सोडायचं ते सांगितलंत. तारकर्लीच्या बोटींच्या खेळांत अख्खा दिवस घालवू नका म्हणालात, पटलं. सिंधुदुर्गाला सकाळची पहिली होडी धरायला लावलीत, तेव्हा घरच्यांनी कुरकुर केली. उन्हं चढल्यावर धापा टाकत तटाकडे निघालेली माणसं बघून सगळे गप्प झाले. कुरटे बेटावर १६६४ साली सुरू झालेला हा किल्ला. चहूकडे खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं! राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरात लेक बराच वेळ रेंगाळली.

पण खरे उपकार जेवणाचे. ‘पापलेटाच्या पाठी कित्याक लागतंस गो? सकाळी काय गावला ता इचार,’ असं तुम्ही म्हणाला होतात. खानावळीत तसंच विचारलं, तर मालकीणबाईंनी बांगड्याचं तिखलं पुढे केलं. त्यातल्या तिरफळाचा, म्हणजे कोकणातल्या त्या झणझणीत मसाल्याचा, वास आधी नाकात गेला, मग चव कळली. तिरफळ चावायचं नसतं हे तुम्ही बजावलं होतंत; आमच्या ह्यांनी चावलंच, आणि जिभेला मुंग्या आल्या म्हणून अर्धी सोलकढी एकट्याने संपवली. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, दुसऱ्या दिवशी कोंबडी-वडे, आणि शिरवाळे. गूळ घातलेल्या नारळाच्या रसात शेवया बुडवून खायच्या ही कल्पनाच आम्हा घाटावरच्यांना नवी. लेक अजून तेच मागते.

आता बोंडूंविषयी, म्हणजे काजूच्या फळांविषयी. आम्ही नाशिककर, पाहुणा आला की द्राक्षबाग आणि वायनरी दाखवायची ही आमची रीत. तुमच्याकडे तसं काय, असं मी विचारलं, तर तुम्ही हसून ‘काजीच्या बागेत जावा’ म्हणालात. झाडाखाली पडलेल्या लाल-पिवळ्या बोंडूंचा तो आंबूस-गोड वास दारूच्या दुकानाहून कितीतरी चांगला! बोंडू मीठ लावून खा म्हणालात ते बरं झालं, नाहीतर घसा खवखवतो. रसाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, तेही खरं निघालं. तेरेखोल नदीपलीकडे गोव्यात याच रसाची उर्राक आणि फेणी ही दारू होते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या बाजूला मात्र कितीतरी बोंडू झाडाखालीच कुजताना दिसले, याची हळहळ वाटली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या एवढ्या जाती दिल्या, त्या गावात बोंडूच्या सरबताची बाटली शोधावी का लागावी?

ओल्या काजूगरांची उसळ काकूंच्या हातची खाल्ली, त्याबद्दल काय लिहू! सालातल्या चिकाने बोटं भाजतात, तरी त्या तेल लावून गर काढत बसल्या होत्या. त्यांना माझा वेगळा नमस्कार.

शिरोड्याची मिठागरं आणि रेडीचा गणपती राहिलाय. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि सासूबाईंना किल्ला बघायचाच आहे, तेव्हा आता दिवाळीनंतर येऊ. त्या वेळी कुठली मासळी मागायची ते आधी कळवा.

तुमची,
नाशिकची लेक