पाण्याकाठी शेगडी नको

ऐरोली,
रविवार रात्र

प्रिय सखी,

तुझी यादी काल रात्री मिळाली. फोनवर सांगायला गेले असते तर तुझा उत्साह ऐकून मी निम्म्यातच गप्प झाले असते, म्हणून कागद घेऊन बसलेय. पावभाजीचा तवा, डोशाचा काउंटर, पाणीपुरी, दहीवडे, फ्रूट क्रीम आणि वर क्रीमचा केक. सोळा मुलं, त्यांचे आईबाप धरून तीसेक माणसं, मेमधला ठाण्याचा उकाडा, आणि सोसायटीच्या तरणतलावाची चार ते सात अशी तीनच तासांची वेळ. लेक दहा वर्षांची होतेय, तिच्यासाठी काय करू नि काय नको असं तुला झालंय, हे मला प्रत्येक ओळीत दिसलं. तरीही ही यादी बाजूला ठेव असंच मी म्हणणार आहे. का, ते आधी सांगते.

मागच्या मेमध्ये आमच्या लेकाचा वाढदिवस असाच तलावाकाठी केला, ते तुला माहीत आहे. तू तेव्हा गावी होतीस. मीही पावभाजीच ठरवली होती. व्हरांड्यात शेगडी मांडली, तवा तापवला आणि साडेचारपासून पाव भाजत उभी राहिले. मुलं पाण्यातून पाच-पाच, सहा-सहाच्या घोळक्यानं येत होती, ओल्या हातांनी प्लेट घेत होती, परत पळत होती. आमचा मुलगा पाण्याला किती घाबरायचा ते तू पाहिलंयस. दोन उन्हाळे शिकवणी लावली, तरी काठाची कड सोडत नव्हता. त्या दिवशी त्यानं ती सोडली. एका काठावरून निघून समोरच्या काठाला हात लावला, मध्ये कुठेही न थांबता. सासऱ्यांनी पाहिलं, शेजाऱ्यांनी पाहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तव्याकडे तोंड करून उभी होते. तो धापा टाकत आला आणि म्हणाला, "आई, बघितलंस?" मी हो म्हणाले. मी पाहिलं नव्हतं. एक वर्ष झालं, अजून ते माझ्या मनातून जात नाही.

म्हणून या पार्टीसाठी माझी एकच अट आहे. चार वाजल्यानंतर तुझ्या हातात झारा नसेल आणि तू काठावर किंवा पाण्यात असशील. बाकी सगळा बेत या एका अटीवरून ठरवायचा.

मग काय करायचं, याचा विचार करताना मला आईचं चैत्रातलं हळदीकुंकू आठवलं. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत चैत्रातल्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतची एखादी संध्याकाळ ठरवून ती चाळीस-पन्नास बायकांना बोलवायची. गौर झोपाळ्यात, पुढे कलिंगडाची कमळं, आणि हातात काय द्यायची? आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, काकडीची फोड. ऐन उन्हाळा, बायका एकदम न येता पाच ते आठ कधीही येणार, आणि आई मात्र जरीची साडी नेसून दारात उभी, एकदाही गॅसपाशी न जाता. सगळं सकाळीच झालेलं असायचं, काहीही गरम वाढायचं नसायचं, आणि बहुतेक पदार्थ आंबट-खारट, म्हणजे घाम आलेल्या माणसाला हवे तेच. आपल्या आज्यांनी हा बेत कधीच बसवून ठेवलाय. आपण फक्त झोपाळ्याच्या जागी तलाव ठेवायचा.

तेव्हा मुख्य पदार्थ दडपे पोहे. तुझ्या सासरी ते करत नाहीत, म्हणून नीट लिहिते. तीस जणांना, बाकीचं खाणं असताना, एक किलो पातळ पोहे पुरतात. आदल्या दिवशी चाळून, उन्हात कडक करून डब्यात भरून ठेव. तीन नारळ लागतील. त्यांचं पाणी फेकू नकोस, त्यातच पोहे भिजायचे असतात. बारीक चिरलेला कांदा, किसलेली कैरी, मिरची, कोथिंबीर, मीठ, थोडी साखर आणि खोबरं हातानं चुरून एकत्र करायचं, त्यात पोहे घालायचे, नारळाचं पाणी शिंपडायचं आणि वर झाकण ठेवून त्यावर जड काहीतरी ठेवायचं. वीसेक मिनिटं दडपले की झाले. हिंग-मोहरी-हळदीची फोडणी आणि तळलेले शेंगदाणे सकाळीच करून ठेवता येतात. मात्र ओल्या खोबऱ्याचं एक लक्षात ठेव, या उकाड्यात ते फार लवकर आंबूस होतं. सकाळी खोवून फ्रीजमध्ये ठेव आणि सगळं एकत्र करायचं ते पाच वाजता, खाण्याआधी अर्धा तास. हे काम मी करीन. दोन मोठी पातेली लागतील, एकात सगळं मिसळू नकोस. अर्धे पोहे आधी, अर्धे सहा वाजता. पोह्यांचे पापड भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि ते मुलांनी आपापल्या बशीत चुरायचे.

आंबेडाळ मोठ्यांसाठी. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर भरडायची, पिठी करायची नाही. मोठी वाटी भरून डाळ घेतलीस तर अर्धी वाटी कैरीचा कीस, पण कैरी चाखून मगच ठरव. तोतापुरी असेल तर जास्त लागेल. कच्ची भिजलेली डाळही गरमीत फसफसते, त्यामुळे दुपारी वाटायची आणि लगेच फ्रीजमध्ये. यात खोबरं घालूच नकोस, काही बिघडत नाही.

मुलांना मात्र हातात धरून खाता येईल असं हवं. पाण्यातून बाहेर आलेलं मूल बशी घेऊन बसत नाही, त्याला एका हातात खायचं असतं आणि नजर पाण्याकडे असते. माझ्या मते सगळ्यात सोपं म्हणजे पोळीची सुरळी. तूप लावून शेंगदाण्याची चटणी, किंवा तूप-गूळ, घट्ट गुंडाळी करायची आणि मधोमध तिरकी कापायची. तीस सुरळ्या कर. उरल्या तर रात्री खाल्ल्या जातील. दुसरं म्हणजे छोट्या इडल्या. सकाळी उकडून, गार करून, तूप-कढीपत्त्याच्या फोडणीत परतून वर डाळ्याची कोरडी चटणी भुरभुरायची. नारळाची ओली चटणी ठेवायचीच नाही, खोबऱ्याचं वर सांगितलंच आहे. आणि आठवणीनं सगळ्या आयांना आधी विचार, कुणाला शेंगदाणा चालत नाही का ते. असेल तर त्या मुलाची सुरळी वेगळ्या डब्यात, वेगळ्या पोळपाटावर.

कोथिंबीर वड्या तुझ्या आईच्या हातच्या मागव. त्यांना आदल्या दिवशी लोड वाफवून ठेवता येतात आणि दुपारी चकत्या परतल्या की संध्याकाळी गारही छान लागतात. एवढं एक सोडलं तर दुसरं तळण नको.

दहीवडे आणि फ्रूट क्रीम मी काढून टाकलं, त्याचं कारण सांगते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात. शिजवलेला किंवा दूध-दह्याचा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा नियम अन्नसुरक्षेत सांगतात. मेमध्ये आपल्याकडे पारा सहज त्याच्या वर असतो. इडल्या आणि सुरळ्यांनाही म्हणूनच दोन हप्त्यांत खाली आण. घर चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, फ्रीज आहे, फक्त कुणाला पाठवायचं ते आधी ठरव. तुझे यजमान हे काम आनंदानं करतील, विचार त्यांना.

प्यायला पन्हं. दोन किलो कैऱ्या शनिवारीच कुकरला लावून गर काढ, गुळात मिसळून वेलची-मीठ घालून बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेव. एवढ्यात साधारण आठेक लिटर पन्हं होतं. बाकी भर कोकम सरबतानं घालू, पण दुकानात जाऊन आगळ आणू नकोस. आगळात मीठ असतं, ते सोलकढीचं. सरबताला साखरेत मुरलेलं अमृत कोकम लागतं. पिंप स्टीलचंच घे, तोटीचं. ॲल्युमिनियममध्ये कैरी नि कोकम ठेवायचं नाही. आणि साध्या पाण्याचा मोठा जार त्याच्या शेजारी, कारण पाण्यात असताना मुलांना तहान कळत नाही आणि घाम तर तिथेही येतोच.

बर्फाचं सांगायला विसरत होते. लादी आणशील तर ती परातीत फोडून पातेल्यांच्या खाली ठेवायला, ग्लासात टाकायला नाही. खाण्याचा नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, त्यामुळे पाहूनच कळेल. ग्लासात टाकायचा बर्फ आपण घरच्या गाळलेल्या पाण्याचा करू. शुक्रवारपासून ट्रे लावायचे आणि पिशवीत साठवत जायचं. काचेचं काहीही काठावर न्यायचं नाही, ग्लास नाही, बाटली नाही, बरणी नाही. काच फुटली तर पाण्यात ती दिसतसुद्धा नाही. थर्माकोलच्या ताटल्यांना २०१८ पासून बंदी आहेच, माझ्याकडच्या चाळीस स्टीलच्या बशा मी आणते.

आता आंबे. यावर मी खूप विचार केलाय. केक हवा असेल तर साधा, क्रीम नसलेला आण आणि क्लबहाऊसच्या खोलीत काप. पण शेवटचा मान आंब्यांचा. हापूस कापून फोडी देण्यापेक्षा पायरी आण, चोखायची. विचार कर, घरात मुलाला आंबा चोखू दिला तर आपण मागे फडकं घेऊन उभ्या असतो. इथे सगळी मुलं पोहण्याच्या कपड्यांत, ओली, आणि शॉवर चार पावलांवर. कोपरापर्यंत रस ओघळला तरी कुणी ओरडणार नाही. त्यांना आयुष्यात एकदा तरी असा आंबा खायला मिळू दे. फक्त तो साडेसहाला, पोहणं संपल्यावर, कारण त्यानंतर कुणी पाण्यात उतरायचं नाही. शनिवारी पहाटे मी वाशीच्या फळबाजारात जाणारच आहे, पाच डझन बघून आणते. कलिंगडं मात्र तूच जांभळी नाक्यावरून तीन घे आणि आयत्या वेळी काप. तुमच्या घोडबंदर रोडवर कडेला ताजे ताडगोळे दिसले तर त्याच दिवशी दोन-तीन डझन. आदल्या दिवशीचे घेऊ नकोस, त्यांची गोडी जाते.

खाण्याच्या यादीत नसलेली एक गोष्ट लिहायची आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाण्यावर नजर ठेवणारं एक मोठं माणूस सतत हवं. जीवरक्षक असतो हे खरं, तरी. बुडणारं मूल आरडाओरडा करत नाही, बहुतेक वेळा ते गप्पच असतं, आणि सगळे आसपास असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बघतोय. म्हणून वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावू. ज्याची पाळी त्याच्या हातात बशी नाही, फोन नाही, गप्पा नाहीत. पाळी बदलताना "आता तुझ्याकडे" असं तोंडानं म्हणायचं. नावांचा कागद मी करते, पहिली पाळी माझी. पोहे खाऊन लगेच पाण्यात गेलं तर पेटके येतात असं आपल्या आया सांगायच्या. थोडं खाऊन कुणी उतरलं तर मी अडवणार नाही, पण पोट तुडुंब भरलेल्या मुलाला जरा वेळ काठावर बसवू.

बुधवारपर्यंत मुलांची आणि मोठ्यांची नक्की संख्या कळव, म्हणजे पोहे नि आंबे त्या हिशेबानं आणते. पार्टीच्या रविवारी दोनची गाडी पकडते. ऐरोलीहून मध्ये एक दिघा, की ठाणे. पण स्टेशनपासून तुझ्याकडे यायला रविवारीसुद्धा किती वेळ लागेल सांगता येत नाही, तेव्हा तीनला खाली कुणाला तरी उभं कर, बशांचं आणि आंब्यांचं ओझं असेल. खोबरं खोवून ठेवलंस की तुझं काम संपलं.

पोहण्याचे कपडे आत्ताच काढून बघ, तुझे. मागे एकदा एनर्जी नाही, कपडे मिळत नाहीत, अशी कारणं सांगून तू काठावर बसलीस. घट्ट झाले असतील तर अजून दोन आठवडे आहेत, नवे घेऊ. माझे मी पिशवीत सगळ्यात वर ठेवतेय.

लेकीला मावशीचा गोड पापा.

तुझीच,
मैत्रीण