दुभाष्याचं काम नातवंडांवर नको

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझी भाची अमेरिकेत सेंट पॉलला नर्स आहे, तिच्याकडं ह्मोंग पेशंट बरेच येतात. मूळचे लाओसच्या डोंगरातले लोक, सीआयएनं तिथल्या गुप्त लढाईत त्यांना हाताशी धरलं आणि १९७५ ला कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर हे जीव मुठीत धरून मेकाँग नदी ओलांडून थायलंडात पळाले. बान विनायसारख्या छावण्यांत कित्येकांनी वर्षंच्या वर्षं काढली, मग अमेरिका. डोंगरउतारावर जंगल जाळून भात पिकवणारी माणसं, एकदम बर्फात.

भाची सांगत होती, एका आजीच्या मनगटाला पांढरा दोरा होता. माणूस घाबरला, आजारी पडला की त्याचा आत्मा भरकटतो असं ते मानतात, त्याला परत बोलवायचा विधी करतात, हू प्ली म्हणतात त्याला, आणि मग दोरा बांधतात. आपण मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढतोच की, मला तरी त्यात काही परकं वाटलं नाही. आजीला इंग्लिश येत नव्हतं म्हणून बारा-तेरा वर्षांची नात डॉक्टरांचं सांगू लागली, आणि ऑपरेशनचं आल्यावर पोरगी गप्पच झाली. भाचीनं लगेच दुभाष्या बोलावला, तिथं हॉस्पिटलला तशी सोय ठेवावीच लागते.

मला आमची आई आठवली. गाव खानापूर तालुक्यात, आईला मराठीशिवाय काही येत नाही, माझं कन्नड बाजारापुरतं. गेल्या वर्षी दवाखान्यात डॉक्टर कन्नडमधून बोलत होते आणि माझी सातवीतली मुलगी शाळेत कन्नड शिकते म्हणून तीच सांगत होती. गाठीचं निघालं तशी तिनं माझ्याकडं बघितलं आणि आजीला म्हणाली, "काही नाही गं, गोळ्या दिल्यात." त्या रात्री पोर जेवली नाही. आईला मी तिसऱ्या दिवशी सांगितलं.

आपण निर्वासित नाही, १९५६ ला आपण होतो तिथंच राहिलो आणि राज्य बदललं, त्यांनी सोसलं त्याच्याशी बरोबरी करायची नाही मला. डॉक्टरांचाही दोष नाही. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, पण सीमाभागातल्या सरकारी दवाखान्यांत दोन्ही भाषा येणारं एक मोठं माणूस बसवा एवढीच मागणी आहे, आणि तोवर निदान रिपोर्ट सांगताना पोरांना बाहेर बसवा.

– एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव