एका तासाची फी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. कॉलेजातल्या मुलांना परवडणाऱ्या फीत समुपदेशन मिळावे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी बडोद्यात 31 वर्षे शाळेत मराठी शिकवले. व्याकरण हा माझा आवडीचा विषय. तरीही माझ्याच घरातले व्याकरण बदलले, हे माझ्या लक्षात यायला जवळजवळ वर्ष गेले.

कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आलेले माझ्या मुलीचे मूल माझ्याशी गुजरातीत बोलू लागले होते. बडोद्याच्या मराठी घरांत गुजराती काही परकी नाही, त्यामुळे मी ते मनावर घेतले नाही. एकदा दाराशी चपला घालताना 'हुं जाउं छुं' असे ऐकले आणि मी सवयीने म्हटले, "जाते म्हणू नये गं, येते म्हणावं." उत्तर आले नाही. दार ओढून घेतल्याचा आवाज आला फक्त. त्या दुपारी मला उलगडले. मराठीत 'येते' म्हणावे लागते, नाहीतर 'येतो'. गुजरातीत 'हुं जाउं छुं' बाईही म्हणते आणि पुरुषही. माझ्या नातवाने वर्षभर आजीशी बोलण्यासाठी असे वाक्य शोधून ठेवले होते, ज्यात त्याला खोटे बोलावे लागत नव्हते.

हो, नातवाने. जन्माच्या दाखल्यावर तो मुलगी आहे. तो ट्रान्सपुरुष आहे, स्वतःला पुरुष म्हणूनच ओळखतो. पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, हा शब्द मी वाचला होता, घरात कधी उच्चारला नव्हता. त्याने माझ्याकडे मागितले ते एकच: यातले कळणाऱ्या कुणाशी तरी बोलायचे आहे. पैसे मागितले नाहीत, परवानगीही मागितली नाही. तो 19 वर्षांचा आहे, परवानगीची गरजही नव्हती.

पुष्कळांना वाटते की समुपदेशक 'हे खरे आहे की डोक्यातले खूळ' याचा निकाल देतो. मलाही तसेच वाटत होते. पण 15 एप्रिल 2014 रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या रोगवर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले, जन्माचे लिंग आणि स्वतःची ओळख न जुळणे ही गोष्ट मानसिक विकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. बरा करायचा आजारच नाही, तर मग समुपदेशन कशासाठी, असे मी नातवाला विचारले. त्याने वहीचे पान पुढे केले. बाबांना आता सांगायचे की पदवी हातात आल्यावर? पाळीच्या दिवसांत कॉलेजात पाऊल टाकवत नाही, त्याचे काय करायचे? प्रात्यक्षिकाच्या वर्गात जुन्या नावाने हजेरी होते, तेव्हा अंग गार पडते, ते कसे सोसायचे? पुढे संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) उपचार घ्यायचे का? त्या उपचारांनी आवाज एकदा जड झाला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, एवढे त्याने मोबाइलवर वाचले होते. ते आपल्याला हवे आहे का, हे मोबाइल कुठून सांगणार?

हे एका बैठकीत संपणारे प्रश्न नाहीत. त्याला एकच माणूस हवा, आठवड्यामागून आठवडे.

कॉलेजचे नाव मी इथे घेत नाही. तिथे समुपदेशन कक्ष आहे अशी पाटी होती. कक्षात एक प्राध्यापिका बसत, ज्या त्याला शिकवतही होत्या. तो दारातून परतला, आणि त्याचे काय चुकले असे मला वाटत नाही. उद्या जी व्यक्ती आपली उत्तरपत्रिका तपासणार, तिच्यापुढे कोण असे मन उघडे करील?

मग आम्ही बाहेर गेलो. पहिल्या समुपदेशकांनी 45 मिनिटांचे 1,200 रुपये घेतले आणि दुसऱ्याच भेटीत आईवडिलांना आणायला सांगितले. मैत्रिणींच्या नादाने असे होते, लग्नानंतर मन ताळ्यावर येते, असे त्यांचे म्हणणे. नातू त्या रात्री जेवला नाही. मी मात्र पेटले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये अशा 'बदलून दाखवणाऱ्या' उपचारांना डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, हे मला तेव्हाच समजले. पण आयोगाचा हात डॉक्टरांपर्यंतच पोचतो, आणि समोरचे गृहस्थ डॉक्टर नव्हते. समुपदेशक अशी पाटी लावणाऱ्याला तुमचे शिक्षण काय, चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, पारलिंगी मुलांबरोबर काम केले आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत, हे आम्ही 2,400 रुपये मोजून शिकलो.

हिशेब सांगते. आठवड्याला एक बैठक म्हणजे महिन्याला 4,800 रुपये. नातवाचा हातखर्च 2,000. मला पेन्शन आहे, मी दिले असते. पण त्याच्या ओळखीत याच अवस्थेतली आणखी दोन मुले आहेत आणि त्यांच्या घरात त्यांच्या बाजूचे कोणीच नाही. घरी सांगितल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, आणि घरी कसे सांगायचे हे शिकण्यासाठीच तर समुपदेशन हवे आहे. या गाठीचा विचार करून मला झोप येत नाही.

फुकट दारे नाहीतच असे मी म्हणणार नाही. 14416 या क्रमांकावर केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, दिवसरात्र, मराठीत आणि गुजरातीतही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा 2012 पासून फोनवर विनामूल्य समुपदेशन करते. रात्री अकराला जीव घाबरला तर टेली-मानसवर फोन उचलला जातो, ही केवढी मोठी गोष्ट आहे. सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, केसपेपर स्वस्त आहे. पण त्या बाकड्यावर बसल्यावर जुने नाव मोठ्याने पुकारले जाईल आणि शेजारी कुणीतरी आपल्या पोळातले, म्हणजे गल्लीतले, निघेल, ही धास्ती नातवाला आहे. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बडोदे मोठे झाले तरी दांडिया बाजारातली बातमी रावपुऱ्यात पोचायला वेळ लागत नाही.

कायदा वाचला तर वाटते, सगळे करून ठेवले आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने परवडणाऱ्या खर्चात आणि भेदभावाविना उपचार मिळण्याचा हक्क दिला, गोपनीयतेचाही दिला. 2019 च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्यात समुपदेशनाची सोय सरकारने करावी असे आहे, पण ती शस्त्रक्रिया आणि संप्रेरक उपचार यांच्या आधी-नंतरची. त्याच्या कितीतरी अलीकडे, काहीच न ठरलेल्या मुलाचे काय? तिथे 25 जुलै 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उपयोगी पडतो. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा आणि कर्मचाऱ्यांना समलिंगी, पारलिंगी अशा (एलजीबीटीक्यू) विद्यार्थ्यांशी वागण्याचे प्रशिक्षण असावे, असे त्यात स्पष्ट आहे. पात्र, हा शब्द मी पुन्हा लिहिते. तास संपल्यावर कक्षात बसवलेल्या प्राध्यापिका कितीही प्रेमळ असोत, तो शब्द त्यांना लागू होत नाही.

सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि मोफतही. माझी आजी त्यामुळे अक्षर ओळखायला शिकली. फी असती तर मुलीसाठी कुणी भरली असती? मी त्याच गावात राहते, म्हणून अधिक मागते.

आपल्या शहरात मानसशास्त्राचे विभाग आहेत, पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी नाममात्र शुल्काचे केंद्र चालवावे. त्यांना आधी शिकवायला हवे, हे खरे. मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांसाठी समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींना समजून घेऊन समुपदेशन करण्याचा अभ्यासक्रम चालवते. केंद्राच्या सूचनाफलकावर तीन गोष्टी असाव्यात: कोण भेटेल, किती पैसे लागतील, आणि घरी कळवले जाणार नाही. नाव कोणते लावायचे ते मुलाला विचारावे. पारलिंगी व्यक्तींसाठीचे गरिमा गृह हे निवारागृह 25 नोव्हेंबर 2020 रोजी याच शहरात सुरू झाले. ते चालवणाऱ्या लक्ष्य ट्रस्टसारख्या संस्थेच्या माणसांना शिकवायला बोलवावे.

आणि केंद्र मराठी-गुजराती बोलणारे असावे. नातवाला शेवटी पुण्याच्या एक समुपदेशक मिळाल्या. त्या ऐपतीप्रमाणे फी घेतात. त्याच्याकडून 400 रुपये. नववीच्या दोन मुलांना गणित शिकवून तो ते स्वतः भरतो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "तू कसा बोलतोस, की कशी?" तो सांगतो, त्या प्रश्नावर तो दहा मिनिटे रडला. सहाव्या महिन्यात एका सकाळी जिन्यावरून हाक आली, "आजी, येतो." मी स्वयंपाकघरात होते. "ये रे," म्हटले.

त्याच्या वडिलांना अजून ठाऊक नाही, म्हणून माझे नाव छापू नये. नाव-पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. कुणी प्रशिक्षित समुपदेशक आठवड्यातून एक दुपार कमी फीत बसायला तयार असतील आणि जागा नसेल, तर माझी पुढची खोली रिकामी असते. तिला रस्त्याच्या बाजूने वेगळे दार आहे. भाडे नको.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे