डबा, टाचणी आणि चार ओळी

चोपडा,
पोळ्यानंतरचा तिसरा दिवस

प्रिय दिन्या,

पुण्यात बसून शिरपूरच्या कापसावर तो रेडिओनिक्सचा डबा चालवायचा, म्हणजे लांबूनच कीड मारायची म्हणतोस! सालदाराचा पगार आखाजीपासून चालू, आणि मालक चौथ्या मजल्यावर शेताचा फोटो पुढ्यात ठेवून बटणं फिरवतोय. तुझ्या बाबांनी हे ऐकलं असतं तर परवा बैलांबरोबर तुलाही झूल घालून मिरवलं असतं.

चेष्टा पुरे. तो डबा माझ्याकडे दीड महिना होता, म्हणून लिहितो. एका वाटीत शेताचा फोटो नाहीतर पान ठेवायचं, त्याला ते लोक 'विटनेस' म्हणतात. बटणं फिरवत रबरी चकतीवर बोट घासायचं. बोट चिकटल्यासारखं झालं की 'रेट', म्हणजे बटणांचा बरोबर आकडा, लागला. मग दुसऱ्या वाटीत औषधाचे दोन थेंब टाकले की फवारणी झाली म्हणे! अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या कापसावर १९५० च्या सुमारास हेच केलं होतं, विमानातून काढलेले फोटो वापरून.

ही विद्या निघाली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अल्बर्ट अब्राम्सपासून. तो माणसांचे आजार असल्या डब्यांवर ओळखायचा. १९२४ साली 'सायंटिफिक अमेरिकन'च्या समितीने ते सगळं निकामी ठरवलं. तरी १९४९ मध्ये हिरॉनिमस नावाच्या इंजिनिअरला त्याच जातीच्या यंत्राचं पेटंट मिळालं. आणि खरी गंमत १९५६ ची. जॉन कॅम्पबेल नावाच्या विज्ञानकथांच्या संपादकाने त्या यंत्राचं सर्किट कागदावर नुसतं शाईने काढलं, आणि तेही तितकंच चालतं म्हणाला. दिन्या, शाईचं सर्किट चालत असेल तर डब्याचे पैसे कशाचे?

मी हेच विचारलं. डबा देणारा शांतपणे म्हणाला, "भाऊ, यंत्र निमित्त आहे. काम चालवणाऱ्याचा संकल्प करतो. मनात शंका असली की रेट लागत नाही." इथे माझं डोकं फिरलं. बोंडअळी गेली तर डब्याची करामत, राहिली तर माझा भाव कमी पडला. आई सरकी लावताना पहिली मूठ कपाळाला लावायची, आठवतं? तिला मी कधी पुरावा मागितला नाही, पण तिने त्याचे पैसेही घेतले नाहीत. आणि उगवण विरळ झाली की ती बियाणंवाल्याच्या नावाने खडे फोडायची, स्वतःच्या श्रद्धेला बोल लावत बसायची नाही.

तरी करून पाहिलं. विहिरीकडच्या आठ ओळींपैकी चारांवर डबा चालवला. पंधरा दिवसांनी त्या चार खरंच टवटवीत दिसायला लागल्या. मी हरखलो. मग एका सकाळी ठिबकच्या चोंदलेल्या छिद्रांत टाचणी घालत बसलो होतो, तेव्हा लक्षात आलं की मी रोज सुरुवात त्याच चार ओळींपासून करतोय. उन्हं चढली की उरलेल्या चार उद्यावर. डोमकळ्या, म्हणजे बोंडअळीने आतून गाठलेली मिटलेली फुलं, तोडायलाही हात आधी तिकडेच जायचा. संकल्प काम करत होता रे, पण माझ्या पायांतून आणि त्या टाचणीतून.

इंग्लंडात ऑक्सफर्डला डे ला वॉर नावाचा माणूस याच नादात होता. त्याने म्हणे मदतनिसांना साधीच रोपं 'उपचार केलेली' म्हणून सांगितली, तर तीच जोमाने वाढली. त्याने यात मनाची शक्ती पाहिली. मला मात्र त्या मदतनिसांच्या हातातली झारी दिसते.

दुसऱ्या खेपेला भाच्याने चिठ्ठ्या टाकून ओळी निवडल्या, त्यांचीच पानं वाटीत ठेवली आणि कोणत्या ते मला सांगितलं नाही. डोमकळ्या मी मोजल्या. दोन्हीकडे सारखीच रड. भाचा हसला आणि डबा परत देऊन आला.

तुझा सालदार परवा भेटला. वरच्या तुकड्यात कामगंध सापळ्यातली ल्यूर, म्हणजे बोंडअळीच्या पतंगांना ओढणारी गंधाची गोळी, जुनी झालीय, अन् पतंग कोणी मोजत नाही. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणीला थांबायचं नसतं, आणि हे फोटोत दिसत नाही. रविवारच्या गाडीने ये, नव्या ल्यूर घेऊन. भरिताची वांगी अजून यायचीत. कळण्याची भाकरी आणि ठेचा तयार ठेवतो.

तुझा,
भाऊड्या