डाव्या सीटवरचा माणूस : मा. नितीन गडकरीसाहेबांना खुलं पत्र

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री

साहेब, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी तोंडी सांगतोय आणि माझी मुलगी टाइप करतेय. माझा डावा हात गळ्यात बांधलेला आहे, मानेला कॉलर आहे, आणि मान खाली घालून कीबोर्डकडे बघायला डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही. अपघाताला आज सव्वीसावा दिवस. तुम्ही मराठी वाचता म्हणून मराठीत लिहितोय. बंद ट्रॅकवर वेगात गाडी शिकवणाऱ्याच्या सुरक्षेबद्दल दिल्लीच्या एका कार्यालयाला आधी इंग्रजीतून अर्ज पाठवला होता, त्याचं उत्तर एका ओळीचं आलं : हा विषय आमच्या अखत्यारीत नाही.

मी चिंचवडचा. आयुष्य गाड्यांत गेलं, एकवीस वर्षं टेस्ट ड्रायव्हर म्हणून नोकरी केली. गेली अकरा वर्षं शनिवार-रविवारी ट्रॅकवर इन्स्ट्रक्टर म्हणून जातो. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. लोक स्वतःची गाडी घेऊन येतात, बंद ट्रॅकवर ती वेगात कशी हाताळायची ते शिकतात, आणि शेजारी आमच्यासारखा माणूस बसतो. ब्रेक कुठे मारायचा, वळणात कधी शिरायचं, नजर कुठे ठेवायची, हे तो सांगतो. मी हे काम मनापासून करत आलोय. एक्सप्रेसवेवर ताशी शंभरने जाणाऱ्या शंभर जणांना विचारा, जोरात ब्रेक मारून गाडी सरळ थांबवायचा सराव किती जणांनी केलाय. आमच्या ट्रॅकवर पोरं तो सराव करतात. म्हणून कृपा करून या पत्राचं उत्तर ‘ट्रॅक डे बंद करा’ असं देऊ नका. मला तसं नकोय.

आता त्या दिवशीचं सांगतो. राज्याबाहेरचा एक ट्रॅक, नाव घेत नाही. विद्यार्थी तिशीतला, सभ्य मुलगा. गाडी त्याची स्वतःची, रोडवर चालणारीच, पण उजव्या बाजूला सगळा खर्च केलेला : बकेट सीट, सहा पॉइंटचा हार्नेस (सहा ठिकाणी अडकवलेले शर्यतीचे पट्टे), डोक्याला शर्यतीच्या दर्जाचं हेल्मेट, खांद्यावर मान सांभाळणारं हॅन्स. डाव्या बाजूला, म्हणजे माझ्या बाजूला, कंपनीची सीट आणि कंपनीचा साधा तीन पॉइंटचा पट्टा. गाडी हलकी करायची म्हणून डावीकडची एअरबॅग काढून टाकली होती. हे मला कळलं ते हॉस्पिटलमध्ये.

हेल्मेट आयोजकाने दिलं. माझं स्वतःचं जुनं झालं होतं, आणि इन्स्ट्रक्टरसाठी नवीन सेट घेतो असं आयोजक दोन सीझन सांगत होता. ‘या वेळी चालवून घ्या काका, पुढच्या वेळी नक्की.’ टपात ठेवलेली पाच-सहा हेल्मेटं होती, सगळी मोटरसायकलची. मला मिळालं त्याचा आतला स्पंज आधीच्या माणसाच्या घामाने ओला होता, हनुवटीखालच्या पट्ट्याचे दोरे सुटलेले होते, आणि ते एक नंबर मोठं होतं. मी कपाळाशी रुमालाची घडी कोंबली आणि बसलो. ही माझी चूक, ती मी कबूल करतो. बसायला नको होतं. पण मागे पाच गाड्या लाइनला लावलेल्या, मार्शल हात करतोय, आणि दिवसाची बिदागी चार हजार. त्या क्षणी कोण गाडीतून उतरतो?

चौथ्या लॅपला सरळ रस्त्यावर मुलाने ब्रेक उशिरा मारला. वळण किती मीटरवर आहे ते सांगणारा दीडशेचा बोर्ड गेला, शंभरचा गेला. मी ओरडलो, पण इंटरकॉम नव्हता. दोन हेल्मेटं आणि इंजिनाचा आवाज, ऐकू काय जाणार? मी हाताने खूण केली. तो घाबरला आणि ऐन वळणात ब्रेकवर उभा राहिला. मागची चाकं सुटली, गाडी फिरली आणि डाव्या बाजूने टायरच्या भिंतीवर गेली. त्या दोन सेकंदांत मी उजव्या पायाने जमीन दाबत होतो, साहेब. तिथे ब्रेक नसतो. तरी पाय दाबतो. टाच अजून दुखते.

मुलगा स्वतः दार उघडून उतरला. त्याला खरचटलंसुद्धा नाही, आणि देवाची शपथ, मला त्याचा आनंदच आहे. मला तिघांनी मिळून बाहेर काढलं. डावं गळ्याचं हाड, म्हणजे कॉलरबोन, मोडलं, मानेतल्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी सरकली. हेल्मेट डोक्यावर फिरून एका डोळ्यावर आलं होतं. पट्ट्याचा वळ खांद्यापासून पोटापर्यंत उमटला, आधी जांभळा, मग हिरवा, आता पिवळा आहे. रात्री आडवं होता येत नाही, आरामखुर्चीत बसून झोपतो. डाव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत. पायजम्याची नाडी बायको बांधते. परवा नाडी बांधता बांधता ती रडली, आणि मला मान वळवून तिच्याकडे बघताही येईना.

आता तुमच्या खात्याचा यात काय संबंध, ते सांगतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम २४. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीला दुहेरी कंट्रोल हवेत, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक हवा. गल्लीत वीसच्या स्पीडने शिकवणाऱ्या मास्तरची काळजी या देशाने १९८९ साली घेतली. एकशे चाळीसने शिकवणाऱ्या मास्तरसाठी काय आहे? मी दुहेरी ब्रेक मागत नाही. लोकांच्या स्वतःच्या गाड्यांत तो बसवणं व्यवहार्य नाही, आणि त्या वेगात दोघांनी दोन ब्रेक मारले तर आणखी घोटाळा. पण ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही, आवाज पोचत नाही, तर निदान माझ्या अंगावरचं संरक्षण तरी त्याच्याइतकं असावं की नाही?

मोटार वाहन कायद्यात शर्यत येते ती कलम १८९ मध्ये, गुन्हा म्हणून, आणि तीही सार्वजनिक ठिकाणची. बंद ट्रॅकवर शिकवणं तिथे कुठेच नाही. शर्यतींसाठी फेडरेशन आहे, तिचं नियमांचं पुस्तक आहे, लायसन्स आहे, गाडीची तपासणी आहे. तरीही २०२३ च्या जानेवारीत चेन्नईजवळच्या ट्रॅकवर ५९ वर्षांचा मुरलेला रेसर गेला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथेच मोटरसायकलच्या शर्यतीत १३ वर्षांचं पोर गेलं. एवढे नियम असताना ही गत. आमच्याकडे तर शर्यत नाही म्हणून खेळखातं हात झटकतं, सार्वजनिक रस्ता नाही म्हणून आरटीओ हात झटकतं, लायसन्सचा क्लास नाही म्हणून स्कूलचे नियम लागत नाहीत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, आम्ही तीन घरचे आहोत. मी ज्या ज्या ट्रॅक डेला बसलो तिथली नियमावली म्हणजे आयोजकाने छापलेलं एक पान, आणि त्याच्या पाठीमागे ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर’ असं लिहिलेला मजकूर. गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही करायची. तपासणीत उजवीकडचं हेल्मेट बघतात, चाकांचे नट बघतात, ब्रेक ऑइल बघतात. डावीकडचं दार उघडून बघणारा माणूस मी अकरा वर्षांत पाहिला नाही.

तीन पॉइंटचा पट्टा आणि हार्नेस-हॅन्सची जोडी यांत काय एवढा फरक, असं तुमचे अधिकारी विचारतील, म्हणून सांगतो. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोंचं, त्यावर दीड किलोचं हेल्मेट. धडकेत चाळीसपट जोर आला तर मान त्या क्षणाला अडीचशे किलो ओढते. हार्नेस धड घट्ट धरून ठेवतो, डोकं मात्र मोकळंच. ते पुढे फेकलं जातं आणि कवटीचा तळ तडकतो. १९८१ साली अमेरिकेत एका रेसरचा असा मृत्यू झाला. त्याचा मित्र जिम डाउनिंग आणि डाउनिंगचे मेहुणे, मिशिगनमधले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड, यांनी त्यानंतर हॅन्स तयार केलं. खांद्यावर बसणारं एक जोखड, त्याला हेल्मेट दोन पट्ट्यांनी बांधलेलं. तरी लोकांनी ते घालायला वीस वर्षं घेतली. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतला नावाजलेला रेसर डेल अर्नहार्ट डेटोनाच्या शर्यतीत असाच गेला, तेव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅसकार या तिथल्या शर्यतींच्या संघटनेने डोकं-मान धरून ठेवणाऱ्या साधनाची सक्ती केली. फॉर्म्युला वनने २००३ ला.

हेल्मेटचंही तसंच. मोटरसायकलचं हेल्मेट रस्त्यासाठी उत्तम. २०२१ च्या जूनपासून तुम्ही दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय शिक्का सक्तीचा केलात, चांगलं काम केलंत. पण मोटारीच्या ट्रॅकसाठी वेगळं हेल्मेट असतं. हेल्मेटं तपासणाऱ्या अमेरिकेतल्या स्नेल संस्थेचा एसए दर्जा बघा : त्यात आतल्या अस्तराने आगीत टिकलं पाहिजे आणि रोल केजच्या, म्हणजे गाडीत बसवलेल्या लोखंडी पिंजऱ्याच्या, पाइपवर डोकं आपटण्याची चाचणी पास झाली पाहिजे. मोटरसायकलच्या एम दर्जात या दोन्ही गोष्टी नाहीत. ट्रॅकवर मात्र दोन्ही एकाच टपात पडलेली असतात.

आणि नुसता हार्नेस आणून डाव्या सीटला बांधला की झालं, असंही नाही. रोल केज नसलेल्या गाडीत हार्नेस माणसाला ताठ बसवून ठेवतो आणि छप्पर खाली आलं तर वाकायला जागा उरत नाही. मांड्यांमधला पट्टा नसलेला चार पॉइंटचा हार्नेस असेल तर माणूस कमरेच्या पट्ट्याखालून घसरतो. हे सगळं डोकं लावून करायचं काम आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या क्लबांनी एक साधा नियम धरला : गाडीत विद्यार्थ्याला जे, तेच इन्स्ट्रक्टरला. त्याला सहा पॉइंट तर यालाही सहा पॉइंट. याला तसं देता येत नसेल तर दोघांनीही कंपनीचा पट्टा लावायचा, एअरबॅगसकट. पोर आपल्या पट्ट्याच्या भरवशावर वेग ठरवतं आणि धडक माझ्या पट्ट्याला बसते, हे त्याने थांबतं.

माझं मागणं एवढंच आहे, साहेब. हा एक नियम करा. त्याच्यासोबत डाव्या सीटची तपासणी, योग्य दर्जाचं हेल्मेट आणि इंटरकॉम. हे नसेल तर गाडी पिट लेनच्या बाहेर, ट्रॅकवर, जायची नाही. पुण्यात वाहनांची तपासणी करणारी एआरएआय संस्था १९६६ पासून आहे, पट्टे आणि हेल्मेटं तपासणारी माणसं माझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर बसतात. इंदूरजवळ पिथमपूरला सव्वाअकरा किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ ला सुरू झाला. ज्ञान नाही असं कुणी म्हणू नये.

आणि विमा. माझी मेडिक्लेम चौदा वर्षं चालू आहे, एक हप्ता चुकवला नाही. क्लेम नाकारला. कारण : धोकादायक खेळात व्यावसायिक म्हणून सहभाग, अपवाद क्रमांक नऊ. त्यात मोटर रेसिंग लिहिलंय. मी रेसिंग करत नव्हतो हो, शिकवत होतो! गाडीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली, त्यामुळे तिकडूनही काही नाही. दोन लाख साठ हजार बिल झालं, त्यातले एक लाख मेहुण्याने दिले. आमच्या महाराष्ट्रात २०२२ ला दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं आणि गोविंदाचा मृत्यू झाला तर दहा लाखांची घोषणा झाली. बरोबर झालं, त्या पोरांना मिळायलाच हवं. पण मग शिकवताना मान मोडणाऱ्याला कुणीच का नाही?

इथे सगळं मेल्यावर होतं, साहेब, हा माझा खरा राग आहे. मागच्या सीटवरच्या पट्ट्याचा नियम पुस्तकात कितीतरी वर्षं होता. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईत तो नियम आठवला. पट्ट्याची शिट्टी बंद करणाऱ्या क्लिपा मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांत सापडल्या, हे तुम्हीच तेव्हा सांगितलंत. ऑनलाइन दुकानांतून त्या क्लिपा काढायला पुढचा मे उजाडला, तेरा हजारांवर लिस्टिंग होत्या म्हणे. तुमच्याच मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल मी मुलीकडून वाचून घेतला. देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यांतली १६,७१५ पट्टा न लावलेली. चालवणारे ८,३८४ आणि शेजारी-मागे बसलेले ८,३३१. बघा हे आकडे, जवळजवळ निम्मे निम्मे. तरी आपल्याकडे सुरक्षा म्हणजे ड्रायव्हरची. बाजूला बसलेला माणूस म्हणजे गाडीतलं सामान! क्लीनर, कंडक्टर, मास्तर, बायको, सगळे त्यातच. २०२४ पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणू म्हणालात, ते जमलं नाही हे तुम्ही लोकसभेत उभं राहून कबूल केलंत. कबूल करणारा मंत्री विरळा, ते मी मानतो. पण तुम्ही स्वतः मोठ्या अपघातातून उठलेला माणूस आहात. हॉस्पिटलच्या छताकडे बघत पडणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मग फाइल हलायला इतके दिवस का लागतात?

काल आयोजकाचा फोन आला होता. तब्येत विचारली, मग म्हणाला, या महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुन्हा ट्रॅक डे आहे, तुमच्या जागी तुमच्याच हाताखाली तयार झालेला मुलगा बसेल. चोवीस वर्षांचा आहे तो. आईला एकुलता एक. मी विचारलं, हेल्मेट कुठलं देणार? तो म्हणाला, आहेत ना काका आपली. मी त्या मुलाला फोन करून सांगितलंय की डाव्या सीटवर बसू नकोस. तो म्हणतो, सर, चार हजार मिळतात.

त्या रविवारच्या आत तुमच्या कार्यालयातून काही उत्तर आलं, तर ते मी त्याला वाचून दाखवेन.

आपला,
एक ट्रॅक इन्स्ट्रक्टर,
चिंचवड