राजे वाटेतच राहतात

संपादक महोदय,

डिसेंबर उजाडला की मॉलमध्ये, सोसायट्यांच्या फाटकाशी नाताळचे गोठे उभे राहतात आणि पहिल्याच दिवशी बाळ येशू, मेंढपाळ, तीन राजे सगळे हजर! शोभा म्हणून ठीक. पण श्रद्धेने नाताळ करणाऱ्या घरात गव्हाणी २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी असते, आणि सणाचा निम्मा जीव त्या रिकाम्या जागेत असतो.

३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, लागतो. धर्मगुरूंचा झगा जांभळा होतो, रविवारच्या मिस्सेतले (चर्चमधल्या उपासनेतले) गौरवगीत थांबते; ते नाताळच्या रात्री घंटांसह परत येते तेव्हा त्याची गोडी वेगळीच लागते. करंज्यांच्या धांदलीत पापनिवेदनालाही वेळ काढायचा असतो. काही घरांत मुले एखादे भांडण मिटवले, आवडीचा खाऊ दुसऱ्याला दिला की गव्हाणीत पेंढ्याची एक काडी ठेवतात. बाळाचे अंथरूण महिनाभर असे काडीकाडीने भरते.

गोठ्यातली हिरवळ प्लॅस्टिकची कशाला? नवरात्रात घटाभोवती धान पेरतात तसेच हे. गहू रात्रभर भिजवून १४-१५ डिसेंबरला ताटलीतल्या मातीवर दाट पसरावेत, दोन दिवस झाकून मग उजेडात ठेवावेत. पाणी शिंपडावे, ओतू नये. साचले की बुरशी धरते. एक तारखेलाच पेरले तर नाताळपर्यंत पाती पिवळी पडून लोळतात. पेंढ्यात साधे बल्ब नकोत, ते तापतात. एलईडीची माळ लावली तरी तिचे जोड पेंढ्याबाहेर ठेवावेत.

आता राजे. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात ते राजे नाहीत, पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक, आहेत. ते किती होते हेही लिहिलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून तीन धरले गेले. शिवाय ते येतात ते गोठ्यात नव्हे, घरात. म्हणून त्यांच्या मूर्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत किंवा फडताळावर ठेवून रोज थोड्या पुढे सरकवायच्या. प्रकटीकरणाच्या सणाला, म्हणजे ६ जानेवारीला किंवा त्याच्या आसपासच्या रविवारी, त्या बाळापाशी पोहोचतात. बाजाराचा नाताळ २५ ला संपतो, चर्चचा त्या दिवशी सुरू होतो. २६ लाच गोठा मोडणाऱ्यांचे राजे मात्र फडताळावरच अडकतात.

– एक वाचक, वसई